शिकागोच्या उपनगरातले गोरे वर्ग

जॉन ह्यूजेसच्या ‘सिक्स्टीन कँडल्स’मध्ये (१९८४) लाँग डक डाँग हा परदेशी विद्यार्थी पडद्यावर आला, की मागे घंटेचा टोल वाजतो. विनोद एवढाच! मोडकंतोडकं इंग्रजी बोलणारा हा आशियाई पोरगा साकारणारे गेडी वातानाबे मात्र जन्माने अमेरिकन, युटा राज्यातले. नायिका मॉली रिंगवाल्डनेच २०१८ मध्ये ‘द न्यू यॉर्कर’मध्ये लिहून ह्यूजेसच्या चित्रपटांची उलटतपासणी केली.

ह्यूजेसच्याच ‘द ब्रेकफास्ट क्लब’मध्ये (१९८५) शनिवारी शिक्षा भोगणारे पाचही विद्यार्थी गोरे.

वेगळी वाट तोवर मळलेली होती. मायकेल शुल्ट्झच्या ‘कूली हाय’ने (१९७५) त्याच शिकागोतल्या कृष्णवर्णीय पोरांचा १९६४ सालचा दंगा, प्रेमप्रकरणं आणि शाळेला मारलेल्या दांड्या रंगवल्या होत्या. पुढे रेजिनाल्ड हडलिनचा ‘हाउस पार्टी’ (१९९०) सुमारे २५ लाख डॉलरांत बनला आणि त्याने अडीच कोटींहून जास्त कमावले. अशा चित्रपटांना प्रेक्षक नाही, ही सबब लंगडीच म्हणायची.

‘ब्रिंग इट ऑन’ने (२०००) चोरीलाच कथानक केलं: श्रीमंत शाळेचा चिअरलीडिंग संघ ईस्ट कॉम्प्टनच्या कृष्णवर्णीय मुलींच्या कवायती ढापतो. अंतिम फेरी त्याच मुली जिंकतात. कॅमेरा मात्र बहुतेक वेळ श्रीमंत संघाची गोरी कर्णधार साकारणाऱ्या कर्स्टन डन्स्टच्या मागे.