माळेगावात घेतलेला घोडा उन्हाळ्यात का खंगतो? खुराकाचं गणित समजून घ्या

नांदेड जिल्ह्यातल्या लोहा तालुक्यातलं माळेगाव. मार्गशीर्ष संपता संपता इथे खंडोबाची यात्रा भरते आणि तिच्यासोबत घोड्यांचा बाजारही. अंगावर तुकतुकी, मान ताठ, पुठ्ठे भरलेले. घोडा बघताच नजरेत भरतो. तोच घोडा एप्रिल-मे महिन्यात वरातीत दिसतो, तेव्हा फासळ्या मोजता येतात. काहींचं उलट होतं. पोट सुटतं आणि घोडा पुढचे पाय जपून टाकू लागतो. आजार वेगळा असू शकतो, पण शोध आधी दावणीत घ्यायला हवा.

नांदेडला घोडा नवा नाही. तख्त सचखंड श्री हजूर साहिबच्या हल्लाबोल मिरवणुकीतले घोडे सगळ्यांनी पाहिलेत. पण गुरुद्वाऱ्यात तबेला आहे, सेवेकरी आहेत. बाकी नांदेड-लातूरच्या गावांत एखादाच घोडा असतो आणि तो बैलांच्या गोठ्यात बांधलेला असतो. गडबड तिथूनच सुरू होते.

बैलाला चालतं ते घोड्याला का चालत नाही?

बैल रवंथ करतो, घोडा करत नाही. घोड्याचं जठर शरीराच्या मानाने लहान असतं आणि चारा पचवायचं मोठं काम शेवटच्या भागात, मोठ्या आतड्यात, जिवाणू करतात. जठरात आम्ल सतत पाझरत असतं, म्हणून घोड्याने थोडं थोडं पण दिवसभर चघळत राहणं गरजेचं. वरातीसाठी पाच-सहा तास उपाशी उभा आणि घरी आल्यावर बादलीभर भिजवलेला हरभरा, हा सगळ्यात वाईट क्रम. एवढं धान्य एकदम आलं की न पचलेला स्टार्च मोठ्या आतड्यात जातो, तिथे आंबतो. पोटशूळ उठतो किंवा खुरांच्या आत दाह होऊन घोडा लंगडतो. घोड्याला उलटीही करता येत नाही. आत गेलेलं आतच राहतं.

मग रोज किती घालायचं?

आधी वजन काढा. वजनकाट्याची गरज नाही, सुतळी पुरते. (टेलरची टेप दीडशे सेंटीमीटरची असते, ती कमी पडते.) पुढच्या पायांच्या लगेच मागून छातीचा घेर घ्या आणि खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या टोकापर्यंत लांबी. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ११,८८०. मापं सेंटीमीटरमध्ये घेतली की उत्तर किलोत येतं. घेर १६५ आणि लांबी १५० असेल तर घोडा साधारण ३४४ किलोचा. हा अंदाज आहे, पण दर महिन्याला त्याच पद्धतीने मोजलं की वजन चढतंय की उतरतंय ते नक्की कळतं.

दिवसाचं एकूण खाणं वजनाच्या २ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे या घोड्याला सुमारे ७ किलो कोरडं खाणं. त्यातला किमान ५ किलो चारा हवाच. धान्य कामाप्रमाणे द्या आणि एका वेळी दीड किलोच्या वर जाऊ देऊ नका. हे सगळं वजनाने मोजा. एका डब्यात हरभरा जितका भरतो, तितक्याच डब्यात गव्हाचा कोंडा वजनाला फार कमी भरतो. ‘दोन डबे खुराक’ या हिशोबाला काही अर्थ नाही. सोबत रोज ३० ग्रॅमच्या आसपास मीठ द्या.

कडबाच नाही, तर काय?

खरी अडचण ही आहे. लातूर-नांदेडच्या शिवारात सोयाबीन वाढलं, तसा ज्वारीचा पेरा आटला. त्यामुळे कडबा महाग आणि सोयाबीनचं भुसकट मुबलक. नुसत्या भुसकटावर घोडा धरत नाही. कडबा कमी असेल तर वाळलेलं गवत आणि थोडा लसूणघास यांची जोड द्या. काळा पडलेला, बुरशीचा कडबा बैलापुढेही टाकू नये, घोड्यापुढे तर नाहीच. कोवळी हिरवी ज्वारीही नको, तिच्यात विष असतं. घरचं कच्चं सोयाबीन भरडून घालायचा मोह होतो, पण कच्च्या दाण्यातले घटक प्रथिनं पचू देत नाहीत. कोंबडीखाद्य मात्र चिमूटभरही नको. त्यात मोनेन्सिन नावाचं औषध असू शकतं आणि ते घोड्याच्या हृदयावर जातं.

चारा बदलायचा तर आठ-दहा दिवसांत हळूहळू बदला. माळेगावहून घोडा आणताना विकणाऱ्याला तो काय खात होता हे विचारा, जमलं तर त्यातलंच थोडं सोबत घ्या. किमतीच्या घासाघिशीत हा प्रश्न राहूनच जातो.

पाण्याचंही तसंच. थंडीत २५ लिटर पुरतं, उन्हाळ्यात काम असलं की ४० च्या वर जातं. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आलेल्या लातूरला हे आकडे लहान वाटणार नाहीत. पण पाणी कमी आणि चारा कोरडा असला की पोटात गाठ बसते.

अंग धरलंय की नाही, हे कसं ओळखायचं?

डोळ्यांनी नाही, हाताने. यात्रा थंडीत असते, केस दाट असतात, फासळ्या झाकल्या जातात. तळहात फासळ्यांवर फिरवा. दिसत नाहीत पण हाताला सहज लागतात, ही चांगली तब्येत. दाबूनही लागत नसतील आणि मानेचा वरचा भाग कडक झाला असेल, तर चरबी जास्त आहे. पोट मोठं पण फासळ्या आणि पाठ वर आलेली, तर ती चरबी नव्हे. जंत किंवा निकृष्ट चारा असू शकतो. लिदीत अख्खे दाणे दिसत असतील, किंवा चघळलेल्या चाऱ्याचे गोळे तोंडातून पडत असतील, तर दात बघायला लावा. घोड्याचे दात आयुष्यभर वर सरकत राहतात आणि झिजताना त्यांना धारदार कडा येतात.

हडकुळा घोडा स्वस्तात मिळाला म्हणून पहिल्याच दिवशी त्याला गूळ-हरभऱ्यावर घेऊ नका. उपाशी शरीरावर एकदम स्टार्च आला की रक्तातले क्षार बिघडतात आणि घोडा दगावू शकतो. पहिले काही दिवस दर चार तासांनी थोडा लसूणघास, बाकी काही नाही.

घोडा सारखा पोटाकडे बघत असेल, लोळत असेल, लीद थांबली असेल तर खाणं काढून घ्या आणि १९६२ या पशुवैद्यकीय सेवेच्या क्रमांकावर फोन करा. उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. टेम्पो ठरवण्याआधी फोनवर विचारून घ्या, कारण पोटशूळ उठलेल्या घोड्याला गाडीत चढवणं हेही सोपं काम नाही.