गर्दी माथ्यावर, शांतता पदरात

नाताळची सुट्टी तोंडावर आली आहे. पवना धरणाचा काठ, भंडारदरा, राजमाचीची उधेवाडी, हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा या सगळ्या ठिकाणी आता शनिवारची रात्र म्हणजे तंबूला तंबू खेटून काढायची रात्र. त्यात जुलै २०२५ मध्ये मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत गेले. लोहगड, शिवनेरीसारख्या केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या गडांवर अंधार पडल्यावर थांबता येत नाही आणि तो नियम योग्यच आहे. मग ज्याला खरोखरच एकांतात, विजेच्या दिव्यापासून आणि ध्वनिवर्धकापासून लांब एक रात्र काढायची आहे, त्याने जायचं कुठे?

उत्तर सह्याद्रीच्या घडणीतच आहे. माथा सोडा, काठ सोडा आणि पदर शोधा.

साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थरावर थर साचत गेला आणि हा डोंगर तयार झाला. त्यातला कठीण थर कड्यासारखा उभा राहिला, मऊ थर झिजून उताराचा आणि सपाटीचा झाला. दोन कड्यांच्या मधली ही झाडीभरली सपाटी म्हणजे पदर. वरून मुरलेलं पाणी खालच्या घट्ट थराला अडतं आणि अनेकदा इथेच झरा होऊन बाहेर येतं. म्हणजे सावली, वाऱ्याला आडोसा, माती आणि पाणी एकाच जागी मिळण्याची शक्यता इथे सर्वांत जास्त. माथ्यावरच्या कातळात खुंटी रुतत नाही, रात्रीचा वारा तंबू उचलू पाहतो आणि पाणी असलं तर टाक्यात. तरीही आपण पदरातून मान खाली घालून चालत सुटतो, कारण फोटो माथ्यावरचा हवा असतो.

पदर शोधण्याचं उत्तम साधन म्हणजे भारतीय सर्वेक्षण विभागाचा १:५०,००० प्रमाणाचा नकाशा. आनंद पाळंदे यांचं ‘डोंगरयात्रा’ हे पुस्तक हाताशी धरून सह्याद्री हिंडलेल्या पिढीला नकाशाचं महत्त्व वेगळं सांगावं लागत नव्हतं. आज मोबाइलवर आयता मार्ग उतरवून चालणाऱ्यांना मात्र ते आवर्जून सांगायला हवं, कारण आयता मार्ग सगळ्यांना एकाच जागी नेऊन सोडतो. हे नकाशे २०१७ पासून विभागाच्या संकेतस्थळावर मोफत मिळतात. त्यात दर वीस मीटर उंचीला एक तपकिरी रेषा असते. रेषा एकमेकींना चिकटल्या की कडा. चिकटलेल्या रेषांचे दोन पट्टे आणि मधे मोकळी जागा दिसली की तो पदर. कागदावर दोन रेषांत अर्धा सेंटिमीटर अंतर असेल, तर जमिनीवर अडीचशे मीटर चालून जेमतेम वीस मीटर चढ लागतो. तंबूसाठी एवढी सपाटी भरपूर झाली.

आता पाणी बघा. निळी रेघ म्हणजे पाणी असलेला ओढा, काळी रेघ म्हणजे कोरडा पडणारा. तुटक लाल रेघ पायवाटेची. मग गूगल अर्थवर त्याच जागेचं मार्चमधलं जुनं उपग्रहचित्र काढा. सगळा उतार करपलेला असताना एखादा ठिपका हिरवा दिसला, तर तिथे ओल टिकून असण्याची आशा धरायला हरकत नाही. डांबरी रस्त्यापासून दोन तास चालीचा, पाण्याजवळचा आणि कुठल्याही प्रसिद्ध गडाच्या मुख्य वाटेवर नसलेला पदर निवडलात, तर पुण्या-मुंबईहून एका दिवसात गाठता येईल अशा टापूतही रात्री दुसरा दिवा दिसणार नाही.

पण ओसाड दिसणारी जमीन बेवारस नसते. ती राखीव वन असेल, गायरान असेल, कुणाची मालकी असेल किंवा देवराई असेल. देवराईत तंबू लावूच नये. कळसूबाई-हरिश्चंद्रगड आणि भीमाशंकर ही अभयारण्यं आहेत, तिथे वन खात्याच्या परवानगीशिवाय मुक्काम नाही. म्हणून शेवटच्या वाडीत थांबणं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. पोलीस पाटलांना भेटा. गुरं घेऊन निघालेल्या एखाद्या मामांना विचारा, “मामा, वरच्या झऱ्याला आत्ता पाणी आहे का? मुक्काम केला तर चालेल का?” झरा कुठल्या महिन्यात आटतो, हे नकाशाला ठाऊक नसतं, त्यांना असतं. किती जण आहोत, कुठे झोपणार, कधी उतरणार हे सांगून ठेवा. वाटाड्या घ्या, जेवण वाडीतच सांगा आणि दोन्हीचे पैसे घासाघीस न करता द्या.

हंगाम दसऱ्यापासून होळीपर्यंतचा. पावसाळ्यात पदरात मुक्काम करू नये, हे निक्षून सांगतो. वरचा उतार पाण्याने फुगला की काय होतं, ते जुलै २०१४ मध्ये दरडीखाली गेलेल्या माळीणने आणि जुलै २०२३ मध्ये तशाच गेलेल्या इर्शाळवाडीने दाखवलं आहे. कोरड्या दिवसांतही दरड पडणारा कडा, वाळकं झाड आणि ओढ्याचं पात्र यांच्यापासून दूरच राहा. येताना कड्याला आग्या मोहोळ लटकलेलं दिसलं, तर जागा बदला.

शेकोटी नकोच. राखीव वनात आणि अभयारण्यात जाळ करणं गुन्हा आहे, आणि डिसेंबरनंतर वाळलेल्या गवताला एक ठिणगी पुरते. धुराने मोहोळ उठतं ते वेगळंच. गरम कपडे जास्त न्या, स्वयंपाक लागलाच तर वाडीत करा. भांडी आणि अंग झऱ्यात धुऊ नका, पाणी दोनशे फूट लांब नेऊन वापरा. शौचाला तेवढ्याच अंतरावर अर्धा फूट खड्डा करा आणि नंतर बुजवा. कचरा सगळा परत आणा.

या लेखात एकाही पदराचं नाव मी दिलेलं नाही, ते जाणीवपूर्वक. नाव छापलं की पुढच्या हिवाळ्यात तिथेही पवनाकाठ होईल. हीच शिस्त समाजमाध्यमांवरही पाळायला हवी. फोटो जरूर टाका, जागेचा ठावठिकाणा टाकू नका. वन खात्याकडेही एक मागणी आहे. सरसकट बंदी घालण्यापेक्षा गावोगावच्या संयुक्त वन व्यवस्थापन समित्यांना पदरातल्या मोजक्या जागा द्याव्यात. रात्रीला चार-पाचच तंबू, जाळ नाही, ध्वनिवर्धक नाही, आणि शुल्क थेट वाडीला. एकांत टिकला तर वाडीला उत्पन्न मिळेल, आणि उत्पन्न मिळालं तर एकांत राखणारी माणसं वाडीतच असतील.