धुकं, खरखर आणि रिकामं माळरान

1978 च्या ‘स्पेस इन्व्हेडर्स’ या व्हिडिओ गेममध्ये पार्श्वसंगीत म्हणजे फक्त चार सूर. शत्रू कमी होत तसा तो ठेका वाढायचा आणि खेळणाऱ्याच्या छातीतली धडधडही. शत्रूंचा वाढता वेग मुळात ठरवलेलाच नव्हता. पडद्यावरची चित्रं घटली की प्रोसेसरवरचा भार हलका होई आणि उरलेली भरभर सरकत. गेमचे निर्माते तोमोहिरो निशिकादो यांनी ते तसंच राहू दिलं. गेममधल्या वातावरणाची गोष्ट माझ्या लेखी इथून सुरू होते.

1999 चा ‘सायलेंट हिल’ मी मित्राच्या घरी, भर दुपारी पहिल्यांदा खेळलो. हरवलेल्या मुलीला शोधणारा बाप, धुक्यात बुडालेलं गाव आणि त्याच्या खिशातला छोटा रेडिओ. राक्षस जवळ आला की रेडिओ खरखरतो. समोर काहीच दिसत नव्हतं, नुसती खरखर वाढत होती. मी कंट्रोलर धरून जागीच थांबलो, पुढे पाऊल टाकवेना. पहिल्या प्लेस्टेशनला दूरवरचं गाव रेखाटणं झेपत नव्हतं, ती उणीव धुक्याने झाकली होती. 2012 मध्ये पुढच्या दोन भागांची एचडी आवृत्ती आली, त्यात दुसऱ्या भागातलं धुकं विरळ झालं आणि चाहते हळहळले. मला त्यांचं म्हणणं पटतं. गाव दिसलं, पण भीती गेली.

दिग्दर्शक फुमितो उएदांनी 2001 च्या ‘आयको’त तर बहुतेक सगळंच काढून टाकलं. जीव किती उरला हे सांगणारी पट्टी नाही, संगीत क्वचित. वारा, पक्षी, पावलं आणि एका मुलीचा हात. बटण दाबून ठेवलं तरच तो हात हातात राहतो. गेम सेव्ह करायचा तर दोघांनी दगडी बाकावर शेजारी बसायचं. 2005 च्या ‘शॅडो ऑफ द कोलोसस’मध्ये अफाट माळरान आणि सोळा महाकाय जीव, बस. एकेक कोसळतो तेव्हा जिंकल्याचा आनंद होत नाही, अपराधी वाटतं.

असं वातावरण आपल्याकडेही घडलं: 2020 मध्ये पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने ‘राजी’ हा गेम आणला. त्यातल्या कथेचे प्रसंग छाया-बाहुल्यांतून उलगडतात. लढाई मला थोडी कच्ची वाटली, पण त्यातले महाल आणि त्या सावल्या आपल्या मातीतल्या आहेत.

हे गेम खेळणार असाल तर रात्री खेळा, हेडफोन लावून. आणि घाई करू नका.