गिलाव्यातील लवचिकता
वेरूळच्या १२ क्रमांकाच्या बौद्ध लेण्यातील मातीच्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे तंतू आढळले आहेत. तंतू माती धरून ठेवतात व भेगा रोखतात. आजचा पॉलिमरयुक्त मसाला हेच कार्य निराळ्या रीतीने करतो. सिमेंट-वाळूत मिसळलेले अ‍ॅक्रिलिक किंवा एसबीआर लॅटेक्स वाळताना पातळ पापुद्रा धरून कणांना सांधते. त्यामुळे मसाला चिवट, लवचिक व बराचसा जलरोधक होतो. वडवणीच्या उन्हात दिवसा प्रसरण व रात्री आकुंचन पावणाऱ्या गच्चीस तो उपयुक्त आहे. मात्र काळ्या मातीत पाया हलून भिंतीस गेलेली तिरकी भेग त्याने केवळ झाकली जाते. तेथे प्रथम पायाच सावरला पाहिजे. वसतिगृहाची डागडुजी करताना हा भेद ओळखणे, हा मुलांच्या सुरक्षिततेचा प्रश्न आहे.