भाऊबिजेचं शतक

आमच्या सातारा-सांगलीकडच्या माणसानं जगात नाव काढलं, की ते आम्हाला दुसऱ्या दिवशीच्या पेपरातून कळायचं. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ साली हेलसिंकीला गेले ते लोकांच्या वर्गणीवर. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी तर त्यांच्यासाठी स्वतःचं घर गहाण टाकलं. खाशाबांनी ब्राँझ आणलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. कराडला शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. पण ज्यांनी पदरचे पैसे दिले, त्यांना ती कुस्ती बघायला मिळाली नाही. कवठेपिरानचे मारुती माने १९६२ला जकार्ताच्या एशियाडमध्ये लढले, मुरलीकांत पेटकर १९७२ला हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये पोहले. माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर २०१६ला रिओत स्टीपलचेसची फायनल धावली. साताऱ्याची आदिती स्वामी २०२३ला बर्लिनमध्ये सतराव्या वर्षी तिरंदाजीत जगज्जेती झाली. पुढं टीव्ही आला, मग मोबाइल आला, पण मैदान लांबच राहिलं. घरच्या माणसांनी पारावर, चावडीत, नाहीतर शेजाऱ्याच्या सोप्यात बसून टाळ्या वाजवायच्या, हे ठरलेलं.

म्हणून गेल्या वर्षीच्या दिवाळीचं मला इतकं अप्रूप आहे. जागतिक स्पर्धा, आपल्या गावची पोरगी आणि आपण, तिघंही एकाच मैदानात होतो.

खरं तर महिलांचा २०२५चा वर्ल्ड कप आमच्या वाट्याला यायचा नव्हता. आधीच्या वेळापत्रकात बेंगळुरूचं नाव होतं. ते सामने ऑगस्टमध्ये नवी मुंबईला, नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर हलवले गेले. बातमी वाचली आणि मी कोपरखैरण्याला दादाला फोन लावला.

नवी मुंबई म्हणजे आमच्याकडच्या लोकांचं दुसरं गावच. पाटण, जावळी, कोरेगाव, खटाव, शिराळा, कुठल्याही गावात विचारा, घरातला एक तरी माणूस तिकडं आहे. दाणाबंदर आणि मशीद बंदरच्या गोदामांत पाठीवर पोती वाहणारी पहिली पिढी साताऱ्याकडची होती. त्यांना संघटित करणारे अण्णासाहेब पाटीलही पाटण तालुक्यातलेच. १९६९च्या माथाडी कायद्यानं त्या कष्टाला हक्काचा पगार मिळाला. पुढं बाजार वाशीला आला आणि माणसंही आली. कोपरखैरणे, घणसोलीच्या गल्ल्यांत आजही गावच्या यात्रेच्या बैठका होतात. माझा दादा तिथंच मार्केटमध्ये आहे. माझं माहेर कोरेगावचं, सासर सांगलीचं, आणि भाऊबीज गेली कित्येक वर्षं कोपरखैरण्यात, कारण सणाच्या दिवसांत मार्केट सोडून त्याला निघता येत नाही.

२३ ऑक्टोबर २०२५, गुरुवार. त्या दिवशी भाऊबीज होती आणि दुपारी तीनला नेरूळला भारत-न्यूझीलंड सामना होता. या स्पर्धेची तिकिटं १०० रुपयांपासून ठेवली होती, त्यामुळं आमच्यासारख्यांना अख्ख्या कुटुंबानं जाणं परवडलं. ओवाळणी सकाळी लवकर उरकली. दादानं ताटात पाकीट ठेवलं आणि वर तिकिटं ठेवली. मार्केटमध्ये पहाटेपासून राबणारा माणूस, क्रिकेटसाठी कधी एक खाडा न केलेला. त्या दिवशी त्यानं सुट्टी टाकली होती.

आता जिच्यासाठी हा सगळा खटाटोप, ती स्मृती मानधना. जन्म मुंबईचा, १८ जुलै १९९६. ती दोन वर्षांची असताना कुटुंब सांगलीला, माधवनगरला आलं. वडील श्रीनिवास जिल्ह्याकडून खेळलेले, भाऊ श्रवण महाराष्ट्राच्या १६ वर्षांखालील संघात. भावाचा सराव बघत बघत बहिणीनं बॅट हातात घेतली. बाकी सगळं उजव्या हातानं करणारी ही मुलगी बॅटिंग मात्र डावखुरी करते, कारण वडिलांना डावखुऱ्या फलंदाजांचं वेड. नवव्या वर्षी महाराष्ट्राच्या १५ वर्षांखालच्या संघात, अकराव्या वर्षी १९ वर्षांखालच्या. अनंत तांबवेकर सरांकडं सराव, चिंतामणराव कॉलेजात शिक्षण. आमच्या गावात क्रिकेटची पुण्याई जुनीच. विजय हजारे यांचा जन्म १९१५ साली सांगलीतच झाला. पण मुलींच्या क्रिकेटसाठी ना वेगळं मैदान होतं, ना वेगळं नेट. जिल्ह्याच्या गावातून ती थेट भारताच्या सलामीला पोचली, याचं मोल मोठ्या शहरातल्या माणसाला चटकन कळणार नाही.

यापूर्वी २०१३ साली हाच वर्ल्ड कप मुंबईत झाला होता. वानखेडेवर रणजीची फायनल आली म्हणून महिलांचे सामने तिथून हलवले गेले. श्रीलंकेनं भारताला १३८ धावांनी हरवलं आणि यजमान पहिल्याच फेरीत घरी बसले. ब्रेबॉर्नच्या बहुतेक खुर्च्या रिकाम्या होत्या. स्मृती तेव्हा सोळा वर्षांची होती. भारताकडून पहिला सामना ती त्यानंतर दोनच महिन्यांनी खेळली.

आता नेरूळ. गेटवर पाण्याच्या बाटल्या, डबे, सगळं बाहेर. वहिनीनं कागदात बांधून आणलेल्या चकल्या आम्ही रांगेतच वाटून टाकल्या. आत जिना चढून वर आलो आणि एकदम समोर ती हिरवळ. टीव्हीवर कधी कळतच नाही ते अंतर. खेळाडू केवढ्याशा दिसतात, आणि तरी आपलं माणूस चालण्यावरून ओळखू येतं. माझी भाची दुर्बीण घेऊन बसली होती, पण तिची गरजच पडली नाही. सलामीला दोघी उतरल्या, तेव्हा डावीकडची कोण हे विचारायची वेळ आली नाही. आमच्या पुढच्या दोन रांगांत पाठीवर १८ आकडा असलेल्या निळ्या जर्सी घातलेल्या मुली होत्या. एकीनं मागं वळून विचारलं, “काकू, तुम्ही कुठनं आलाय?” “सांगलीवरनं,” म्हटल्यावर तिनं मैत्रिणींना हलवून सांगितलं, “अगं, ह्या सांगलीच्या आहेत!” जणू मीच पॅड बांधून उतरणार होते. मला फार बरं वाटलं, ते कशाला लपवू?

त्या सामन्याला वजन होतं. भारत ओळीनं तीन सामने हरला होता. दक्षिण आफ्रिका, ऑस्ट्रेलिया आणि इंग्लंडकडून. इंदूरला इंग्लंडविरुद्ध स्मृतीनं ८८ केल्या, ती बाद झाली आणि हातातला सामना चार धावांनी गेला. त्यामुळं नेरूळला ती सुरुवातीला जपून खेळली. पुढं येऊन मारायच्या चेंडूंवरही एकेक धाव. मग हळूहळू तिचा तो कव्हरमधून जाणारा फटका सुटायला लागला. टीव्हीवर त्याचं सौंदर्य दिसतं, मैदानावर आवाज ऐकू येतो. बॅटचा टणत्कार, क्षणभर सगळं गप्प, आणि मग चेंडू दोरीकडं जाताना वाढत जाणारा गलका. क्षेत्ररक्षकाला पळायला लागूच नये इतका तो चेंडू मोकळ्या जागेतून जायचा. दादा क्रिकेट फारसं बघत नाही, पण तो म्हणाला, “हिला कुठं मारायचं ते आधीच ठाऊक असतंय गं.” मला वाटतं, कित्येक समालोचकांपेक्षा त्यानं नेमकं सांगितलं.

दोघींनी २१२ धावांची सलामी दिली. स्मृती ९५ चेंडूंत १०९, प्रतीका रावल १२२. स्मृतीचं हे एकदिवसीय सामन्यांतलं १४वं शतक. ते पूर्ण झालं तेव्हा अख्खं स्टँड उभं राहिलं आणि मी डोळे पुसत होते. पलीकडं दादा रुमाल शोधत होता. भाऊबिजेला भावानं बहिणीला यापेक्षा काय द्यायचं?

नंतर जेमिमा रॉड्रिग्सनं नाबाद ७६ केल्या. अठ्ठेचाळिसाव्या षटकानंतर पाऊस आला. कव्हर धरून धावणाऱ्या मैदानावरच्या कामगारांसाठीही लोकांनी टाळ्या वाजवल्या, हे मला फार आवडलं. भारताच्या ४९ षटकांत ३ बाद ३४० झाल्या. न्यूझीलंडला ४४ षटकांत ३२५चं लक्ष्य मिळालं, आणि आपण ५३ धावांनी जिंकून सेमीफायनलला गेलो.

मधल्या दोन गोष्टी थोडक्यात. बांगलादेशचा सामना पावसात गेला आणि त्यात प्रतीकाचा पाय दुखावला. ३० ऑक्टोबरची सेमीफायनल मी सांगलीत घरीच पाहिली. ऑस्ट्रेलियाच्या ३३८ धावा जेमिमाच्या नाबाद १२७नं पार झाल्या, तेव्हा आमच्या गल्लीत राहिलेले सगळे फटाके उडाले.

फायनलची तिकिटं दादाच्या मुलानं कशी मिळवली हे त्यानं अजून सांगितलेलं नाही. २ नोव्हेंबर, रविवार, कार्तिकी एकादशी. आमच्या घरची निम्मी माणसं पंढरपूरला आणि निम्मी नेरूळला. उपास होता, त्यामुळं शाबुदाण्याची खिचडी खाऊनच निघालो. पावसानं सामना पाचला सुरू झाला. स्मृती आणि शफाली वर्मानं १०४ धावांची सलामी दिली. स्मृती ४५वर गेली तेव्हा आमच्या रांगेत कुणी बोलेना. शफाली मूळ संघात नव्हतीच, प्रतीकाच्या जागी ऐन वेळी बोलावलेली. तिनं ८७ केल्या आणि नंतर दोन बळीही घेतले. दीप्ती शर्माच्या ५८ आणि पाच बळी. भारत ७ बाद २९८.

दक्षिण आफ्रिकेची लॉरा वोल्वार्ट शतक करून उभी होती तोवर कुणाचाच जीव थाऱ्यावर नव्हता. मग तिचा उंच उडालेला झेल अमनजोत कौरनं पकडला. एकदा हातून निसटला, दुसऱ्यांदा निसटला, आणि तिसऱ्यांदा धरला. मी कधीच इतक्या मोठ्यानं ओरडले नव्हते. मध्यरात्रीच्या सुमारास कर्णधार हरमनप्रीतनं मागं धावत शेवटचा झेल घेतला. ५२ धावांनी विजय, भारताच्या मुलींचा पहिला वर्ल्ड कप.

त्यानंतर जे पाहिलं त्यासाठी मी पुन्हा पावणेचारशे किलोमीटर जाईन. या मुलींनी चषक नेऊन मिताली राज, झूलन गोस्वामी, अंजुम चोप्रा यांच्या हातात दिला. २००५ला सेंच्युरियनला आणि २०१७ला लॉर्ड्सवर हातातोंडाशी आलेला घास ज्यांच्याकडून निसटला, त्या बायका. लॉर्ड्सवर तर आपण नऊ धावांनी हरलो, आणि स्मृती त्या दिवशी शून्यावर बाद झाली होती. प्रतीका चाकाच्या खुर्चीत बसून जल्लोषात आली. १९७३ साली पुण्यात महिलांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली तेव्हा संघ होते तीन: मुंबई, महाराष्ट्र आणि उत्तर प्रदेश. नेरूळला त्या रात्री ४० हजारांच्या घरात लोक होते, आणि त्यांतल्या कुणालाही घरी जायची घाई नव्हती.

पहाटे कोपरखैरण्यात पोचलो तर गल्लीत माणसं जागी. मार्केटला निघालेल्या एका शेजाऱ्यानं थांबून मला विचारलं, “वहिनी, स्मृती किती लांबून दिसली?” मी म्हटलं, “इथनं त्या पाण्याच्या टाकीपर्यंत.” त्यानं टाकीकडं नीट बघून घेतलं आणि मग कामाला गेला.

आता २०३०ला राष्ट्रकुल स्पर्धा अहमदाबादला आहेत, आणि त्यांत वेटलिफ्टिंग आहे. आमच्या सांगलीच्या संकेत सरगरनं २०२२ला बर्मिंगहॅममध्ये ५५ किलो गटात रौप्य घेतलं, सुवर्ण फक्त एका किलोनं हुकलं. दुखावलेला कोपर धरून उभा असलेला तो पोरगा आम्ही टीव्हीवरच पाहिला. पुढच्या वेळी सांगलीचा जो कुणी तिथं वजन उचलेल, त्याच्यासाठी आम्ही जाणार आहोत. कोल्हापूर-अहमदाबाद गाडी सांगलीवरूनच जाते. दादानं आत्ताच सांगून ठेवलंय, तिकिटं तोच काढणार.