पिनबॉल यंत्रातील मंद दिवे

पिनबॉलच्या यंत्रात पोलादी गोळी नेमक्या जागी आदळली की क्षणभर लखलखाट होतो. खेळाची अर्धी गंमत या लखलखाटात असते. १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात शिकागोच्या विल्यम्स कंपनीने बनविलेली अशी अनेक यंत्रे संग्राहकांनी जपून ठेवली आहेत. कंपनीने मात्र १९९९ साली पिनबॉलचा व्यवसाय बंद केला. यास्तव त्यांतील दिवे मंदावले तर कारण शोधण्याचे काम यंत्राच्या मालकाकडेच येते.

या यंत्रांत बहुधा ८९ क्रमांकाचा, १३ व्होल्ट व ०.५८ अँपिअरचा बल्ब असतो. तापलेल्या तंतूचा रोध सुमारे २२ ओहम भरतो. थंड तंतूचा त्याच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास. म्हणूनच थंड बल्बात पहिल्या क्षणी प्रवाहाचा मोठा लोंढा शिरतो. घरातील जुन्या पद्धतीचा दिवा बहुधा कळ दाबतानाच जातो, त्याचे कारणही हेच.

हा लोंढा आवरण्यासाठी दिव्याच्या वाटेत सुमारे ५ ओहमचा रोधक घालतात. शिवाय ३३० ओहमचा दुसरा रोधक ट्रान्झिस्टरला वळसा घालून अल्प प्रवाह सतत वाहू देतो. समजा, पुरवठा २५ व्होल्टांचा आहे. तर हा प्रवाह ०.०७५ अँपिअरच्या आसपास येतो. त्याने दिवा उजळत नाही, केवळ तंतू कोमट राहतो. हा रोधक तुटला तर थंड तंतूला क्षणभरात पुरते तापण्यास सवड मिळत नाही. प्रकाश फिका पडतो आणि ट्रान्झिस्टरवरील ताणही वाढतो.

तपासणीस आरंभ करताना किती दिवे मंद आहेत हे पाहावे. सगळेच मंद असतील तर दोष विद्युत्पुरवठ्यात शोधावा. एकच मंद असेल तर प्रथम बल्ब बदलावा व त्याचा क्रमांक पडताळावा. नंतर होल्डर साफ करावा. गंजामुळे वाटेत ५ ओहम अधिक रोध आला तरी १३ व्होल्टांतील सुमारे अडीच व्होल्ट वाया जातात आणि प्रकाश जवळजवळ निम्म्यावर येतो.

एवढ्याने दोष गेला नाही, तर यंत्राची पिन काढून बल्ब उतरवावेत, रोधकाचे एक टोक सोडवावे आणि मल्टिमीटरने रोध मोजावा. टोक न सोडविल्यास इतर वाटांचा रोध मिसळून आकडा फसवा येतो. हे रोधक तापतात. त्यामुळे त्यांच्या डाखाच्या सांध्यांना बारीक तडे जातात. तेही भिंगातून न्याहाळावेत.

बल्बाऐवजी एलईडी बसविणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. तंतू कोमट ठेवणारा अल्प प्रवाह एलईडीला पेटवण्यास पुरेसा ठरतो आणि दिवा अखंड मिणमिणतो. तेथे ३३० ओहमचा रोधक सोडविणे हाच उपाय होय. परंतु पुढे कोणी पुन्हा तंतूचा बल्ब लावील, तेव्हा तो रोधक परत जोडावा लागेल. म्हणून काढलेला रोधक चिठ्ठी लावून यंत्रातच ठेवावा.