पाटणादेवीच्या खोऱ्यात

खान्देशी माणसाला डोंगर म्हटला की सातपुडा आठवतो. तोरणमाळ, पाल, उनपदेव ही नावं लगेच ओठांवर येतात. पण मंडळी, आपल्या दक्षिण अंगालाही एक डोंगर आहे. ती सातमाळ्याची रांग; पुढे तिलाच अजिंठ्याचा डोंगर म्हणतात. या रांगेच्या कुशीत, चाळीसगावापासून सुमारे १८ किलोमीटरवर, पाटणादेवीचं खोरं आहे. आज तुम्हांला तिकडे न्यायचं आहे.

वाट अवघड नाही. चाळीसगाव हे मुंबई-भुसावळ मार्गावरचं स्टेशन. धुळ्याचा फाटाही इथंच येऊन मिळतो. चाळीसगावाहून पाटणे गावापर्यंत रस्ता आहे. कपाशीची आणि उसाची शेतं मागं पडतात, डोंगर जवळ येतो, आणि एका वळणानंतर ध्यानात येतं की तो तीन बाजूंनी आपल्याभोवती उभा आहे. अंजन, पळस, धावडा, सलई यांचं रान सुरू होतं. १९८६ साली हा भाग गौताळा-औट्रमघाट अभयारण्यात आला. बिबट्या, नीलगाय, वानरं, मोर यांचा इथं वावर आहे. श्रावण-भाद्रपदात धवलतीर्थाची पांढरी धार कड्यावरून कोसळते. जायचं ते पावसाळा सरता सरता. चैत्र-वैशाखात आपल्याकडचं ऊन कसं असतं, ते तुम्हांला मी काय सांगणार!

डोंगराच्या माथ्यावर सीमा आहे. आज ती जळगाव आणि छत्रपती संभाजीनगर या दोन जिल्ह्यांची. पण १९४८ पर्यंत इकडे इंग्रजांचा आणि नंतर स्वतंत्र भारताचा खान्देश होता, तर पलीकडे निजामाचं राज्य. पाण्यालाही ही सीमा ठाऊक आहे. उत्तरेकडच्या उतारावरचं पाणी गिरणेला मिळतं आणि तापीवाटे अरबी समुद्रात जातं; दक्षिणेकडचं शिवना नदीतून गोदावरीत जातं आणि थेट बंगालच्या उपसागराला भेटतं. एकाच पावसाचे दोन थेंब, पण त्यांची वाट अशी दोन दिशांना फुटते.

मात्र ही सीमा म्हणजे कायमची भिंत होती, असं समजू नका. इथून पायवाटेनं डोंगर चढून गेलात तर पितळखोऱ्याची लेणी लागतात. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात त्यांच्या कोरीवकामाला सुरुवात झाली. तिथल्या खांबांवर पैठणच्या दात्यांची नावं आहेत. तिथंच सापडलेल्या एका यक्षमूर्तीवर ती घडवणाऱ्या कान्हदास सोनाराचं नाव कोरलेलं आहे. म्हणजे पैठणच्या माणसांचा पैसा या डोंगरात येत होता. घाटातून माणसांची ये-जा होती, माल जात-येत होता.

गेल्या खेपेला माझ्याबरोबर महाविद्यालयातले काही विद्यार्थी होते. बाराव्या शतकातलं महादेवाचं मंदिर पाहून आम्ही पायरीवर बसलो होतो. एका मुलानं विचारलं, "सर, एवढ्या रानात एवढं मोठं देऊळ बांधलं कुणासाठी?" प्रश्न अगदी नेमका होता. त्याचं उत्तर गावाच्या नावातच आहे. पाटण म्हणजे शहर. आज जिथं आपल्याला निर्जन रान दिसतं, तिथं एके काळी नांदती बाजारपेठ होती.

हे मी अंदाजानं सांगत नाही. मुंबईचे डॉक्टर भाऊ दाजी लाड यांनी १८६५ साली इथल्या भवानीच्या देवळातला एक शिलालेख प्रसिद्ध केला. लेख शके ११२८ चा, म्हणजे इ. स. १२०७ चा. त्या श्रावणी पौर्णिमेला चंद्रग्रहण होतं. त्या मुहूर्तावर निकुंभ घराण्यातल्या सोइदेवानं एका मठाला दान दिलं. हा मठ म्हणजे विद्यालय. तो काढला चांगदेवानं. हा चांगदेव यादव राजा सिंघणाचा ज्योतिषी आणि थोर गणिती भास्कराचार्यांचा नातू. आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत, एवढ्यासाठी त्यानं ही शाळा उभी केली. खुद्द भास्कराचार्य इथंच राहत होते की नाही, यावर विद्वानांचा वाद आहे. पण त्यांचं गणित या खोऱ्यात शिकवलं जात होतं, याला दगड साक्षी आहे.

शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, आता नीट ऐका. लेखाचा बराचसा भाग संस्कृतात आहे. पण शेवटी, शाळेचा खर्च कसा चालायचा हे सांगताना, लिहिणारा मराठीवर येतो. कारण ते तेल्याला, वाण्याला, गिऱ्हाइकाला कळायला हवं होतं! बाजारात विकल्या जाणाऱ्या मालावरचा राजाचा वाटा मठाला दिला. गिऱ्हाइकाकडून पाच सुपाऱ्या. जेवढे तेलघाणे चालतील, तेवढ्यांकडून दर घाण्यामागं पळी पळी तेल. माल मोजायचा तो मठाच्या मापानं. मापाईचा अर्धा भाग मठाला, अर्धा मोजणाऱ्याला. राजानं दान दिलं खरं, पण त्या शाळेचा दिवा जळत होता तो गावच्या पळीभर तेलावर.

त्या शाळेत काय शिकवत असतील? भास्कराचार्यांच्या 'लीलावती'तलं एक उदाहरण माझ्या शब्दांत सांगतो. नऊ हात उंच खांब आहे, त्यावर मोर बसला आहे. खांबाच्या बुडाशी सापाचं बीळ आहे. साप बिळापासून सत्तावीस हातांवर असून बिळाकडे सरपटतो आहे. मोरानं त्याच्यावर तिरपी झेप घेतली. दोघांनी सारखंच अंतर कापलं. तर मोरानं सापाला बिळापासून किती हातांवर गाठलं? उत्तर आहे बारा हात. दोघांनीही पंधरा-पंधरा हात अंतर कापलं. नऊ, बारा आणि पंधरा हा काटकोन त्रिकोण आहे. उद्या शाळेच्या अंगणात एक काठी रोवा, दोरी घ्या आणि मुलांकडूनच मापून घ्या. फळ्यावर जे डोक्यात शिरत नाही, ते अंगणात शिरतं, असा माझा अनुभव आहे.

पुढे ते शहर मोडलं, माणसं पांगली, आणि त्या जागी रान माजलं. म्हणून या खोऱ्याला आपण 'माणसाचा हात न लागलेलं' म्हणतो, ते तितकंसं खरं नाही. माणसानं सोडलेली जागा रानानं सांभाळली. आता मात्र रस्ता झाला, मोटारी आल्या. नवरात्रात देवीला मोठी गर्दी लोटते. मागं राहतात पत्रावळी, प्लॅस्टिकच्या पिशव्या आणि बाटल्या. मी पाहिलं तेव्हा ओढ्याच्या एका डबक्यात पाण्यापेक्षा पिशव्याच जास्त होत्या.

हे केवळ देखाव्याचं दुखणं नाही. याच डोंगराचं पाणी डोंगरी आणि तितूर या नद्यांतून चाळीसगावात येतं. ऑगस्ट २०२१ च्या अखेरीस इथं अतोनात पाऊस झाला, कन्नड घाटात दरडी कोसळल्या आणि पुराचं पाणी चाळीसगावच्या बाजारपेठेत आणि आसपासच्या खेड्यांत शिरलं. गुरं वाहून गेली, शेतं खरवडून निघाली. असा पाऊस कुणाच्या हातचा नसतो. पण उतारावर झाडं असली, तर पाणी थोडं थबकतं आणि माती धरून राहते. वरचं रान राहिलं, तर खालच्या गावाला तेवढा आधार.

तेव्हा एकदा सहल काढाच. जाताना मुलांना आठशे वर्षांपूर्वीच्या त्या शाळेची गोष्ट सांगा. देवळात गेलात की शिलालेखाची चौकशी करा. डबा घरून न्या, आणि नेलेलं सगळं परत आणा. गावकरी मंडळींनाही एक विनंती आहे. तुमच्या गावच्या शाळेचं छप्पर गळत असेल, वाचायला पुस्तकं नसतील, तर सरकारी मंजुरीची वाट जरूर पाहा, पण तोवर पाटण्याचा तो तेली आठवा. त्यानं आपल्या घाण्याचं पळीभर तेल दिलं होतं. आपल्या घरातून काय देता येईल, हे येत्या ग्रामसभेत एकदा बोलून तर पाहा.